काल चालू होतं, आज डेटाबेस जोडंना झालंय: आधी काय तपासायचं आणि कुठे हात थांबवायचा

लातूर, परभणी, बीड भागातल्या छोट्या ऑफिसांचे सर्व्हर मी सांभाळतो. आडत दुकानं, जिनिंग, पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था, कॉलेजची ग्रंथालयं. गाव बदलतं, फोन तोच असतो: "सर, काल संध्याकाळपर्यंत चालू होतं, आज सॉफ्टवेअर उघडंना झालंय. आम्ही काहीच केलं नाही." ते खरं बोलत असतात. कित्येक वर्षं कुणीच काही केलेलं नसतं, म्हणूनच ते बंद पडलेलं असतं. आतल्या डेटाबेसच्या (सगळ्या नोंदी साठवणाऱ्या प्रोग्रामच्या) आवृत्तीची मुदत केव्हाच संपलेली असते आणि आजूबाजूची विंडोज, उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), पीएचपी (सॉफ्टवेअर लिहायची भाषा) मात्र पुढे गेलेली असतात. एका सकाळी दोघांचं जुळत नाही.

हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की त्याच्या पायऱ्या आता पाठ आहेत. त्याच इथे लिहितो.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढचं वाचा.

- सॉफ्टवेअर उघडताना डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश येतो.
- एक्झॅम्पच्या (डेटाबेस आणि वेबसर्व्हर एकत्र बसवून देणाऱ्या पॅकेजच्या) खिडकीत मायएसक्यूएल (एक डेटाबेस) क्षणभर हिरवं होतं आणि बंद पडतं. खाली "शटडाउन अनएक्स्पेक्टेडली" अशी लाल ओळ.
- पासवर्ड बरोबर असूनही "ऑथेंटिकेशन मेथड अननोन टू द क्लायंट" किंवा "स्क्रॅम ऑथेंटिकेशन" असं काहीतरी येतं.
- लिनक्सवर अपडेट घेताना ४०४ (फाइल सापडली नाही), "रिलीज फाइल नाही" किंवा सहीच्या चावीची मुदत संपल्याचा संदेश.
- सॉफ्टवेअर व्यवस्थित उघडतं, पण आत एकही नोंद नाही.
- यादीत नाव डोळ्यांना दिसतं, शोधलं की सापडत नाही.
- मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अनोळखी चिन्हांची रांग.

शेवटच्या तीनपैकी काही दिसलं तर आधी नवीन पावती, नवीन नोंद करणं थांबवा. हातानं कागदावर लिहून ठेवा. चुकीच्या अवस्थेत केलेली एकेक नोंद पुढचं काम वाढवते.

आधी फुकटच्या तपासण्या: लाईट, जागा, तारीख

रात्री लाईट गेली होती का, हे आधी विचारा. झटक्यात बंद पडलेला डेटाबेस पुढच्या वेळी सुरू होताना स्वतःच्या नोंदवहीवरून अर्धवट राहिलेली कामं निस्तरतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्यातला डेटा साठवणारा भाग) आणि पोस्टग्रेस (दुसरा डेटाबेस), दोघंही हे करतात. डेटा मोठा असेल तर याला वेळ लागतो. त्या वेळात "लटकलंय" म्हणून मशीन पुन्हा बंद केलं तर तेच काम पहिल्यापासून करावं लागतं. लॉगमध्ये (डेटाबेस आपल्या हालचाली लिहितो त्या फाइलमध्ये) ओळी पुढे सरकत असतील तर चहा घ्या, पण बटणाला हात लावू नका.

दुसरं, डिस्कवर जागा आहे का. डिस्क भरली की डेटाबेस लिहू शकत नाही आणि बंद पडतो. यात एक नेमका धागा आहे. मायएसक्यूएल ५.७ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या फाइली) मुळात बंद असायचा. ८.० मध्ये तो आपोआप चालू असतो आणि ३० दिवसांचा साठा ठेवतो. म्हणजे ५.७ वरून ८.० वर गेलेल्या छोट्या डिस्कच्या सर्व्हरवर महिन्याभरात जागा संपू शकते, आणि लोक म्हणतात नवीन आवृत्तीच खराब आहे. गरज नसेल तर दिवस कमी करा आणि जुने लॉग डेटाबेसच्याच 'पर्ज' आज्ञेनं काढा. फोल्डरमध्ये जाऊन फाइली पुसू नका.

पोस्टग्रेसमध्ये तर हे आणखी जिवावरचं आहे. आवृत्ती ९.६ पर्यंत तिथे 'पीजी एक्सलॉग' नावाचं फोल्डर असायचं, वर सांगितलेली नोंदवही त्यातच. नावात लॉग आहे म्हणून जागा करायला लोक ते रिकामं करायचे आणि डेटाबेस कायमचा झोपायचा. १० व्या आवृत्तीत त्याचं नाव 'पीजी वॉल' केलं. नाव कोणतंही असो, ते फोल्डर पुसायचं नाही.

तिसरं, मशीनची तारीख. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग अपडेट घेताना "ही फाइल अजून लागू झालेली नाही" असा संदेश येतो आणि सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं चालत नाहीत. सेल स्वस्तात मिळतो. यासाठी कुणी आवृत्ती बदलायला बसला तर अख्खा दिवस वाया जातो.

आवृत्ती नेमकी कोणती

आता खरा प्रश्न. डेटाबेसच्या खिडकीत 'सिलेक्ट व्हर्जन' ही आज्ञा द्या आणि येणारं उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरवा. ते वाचताना मात्र फसगत होते.

एक्झॅम्पमध्ये बटणावर मायएसक्यूएल लिहिलेलं असतं, आत मारियाडीबी असते. बऱ्याच वर्षांपासून तसंच आहे. मारियाडीबी मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेला प्रकल्प आहे, पण आवृत्तीचे आकडे ५.५ नंतर थेट १० वर गेले. म्हणून "आमच्याकडे १०.४ आहे, ८ पेक्षा नवीन" हा हिशोब चुकीचा. १०.४ ची मुदत जून २०२४ मध्ये संपली. काही जुनी साधनं तर उत्तर "५.५.५-१०.४" असं दाखवतात. पुढचा ५.५.५ फक्त जुन्या साधनांची समजूत काढायला चिकटवलेला असतो. खरी आवृत्ती डॅशनंतरची.

पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून पहिला आकडा हीच मुख्य आवृत्ती. १४.५ वरून १४.९ ही छोटी दुरुस्ती. त्याआधी मात्र दोन आकडे मिळून एक मुख्य आवृत्ती व्हायची. ९.५ वरून ९.६ हा छोटा बदल नव्हता, पूर्ण स्थलांतर होतं. हा फरक माहीत नसल्यामुळे "एका पॉइंटनंच तर वाढवलं" म्हणत अडकलेले लोक मी पाहिलेत.

आता मुदती. पोस्टग्रेसची शिस्त चोख आहे. दर वर्षी एक मुख्य आवृत्ती, तिला ५ वर्षं दुरुस्त्या, मग नोव्हेंबरात निरोप. १२ ला नोव्हेंबर २०२४ मध्ये, १३ ला नोव्हेंबर २०२५ मध्ये. १४ ची मुदत नोव्हेंबर २०२६, १५ ची नोव्हेंबर २०२७, १६ ची नोव्हेंबर २०२८. छोट्या दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात.

मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं. ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची. पुढची दीर्घ मुदतीची आवृत्ती ८.४, एप्रिल २०२४ मध्ये आलेली. ९.०, ९.१ असा आकडा मोठा दिसतो म्हणून घेऊ नका. त्या 'इनोव्हेशन' आवृत्त्या, पुढची आली की मागची सुटली. दुकानाच्या हिशोबाला त्या चालत नाहीत. मारियाडीबीत १०.६ ची मुदत जुलै २०२६, १०.११ ची फेब्रुवारी २०२८, ११.४ ची मे २०२९.

मुदत संपली म्हणजे डेटाबेस त्या दिवशी बंद पडत नाही. लोकांची फसगत इथेच होते. तो चालतच राहतो, फक्त सुरक्षेची भोकं बुजवणारं कुणी उरत नाही आणि नव्या पीएचपीशी, नव्या लिनक्सशी त्याचं जमतं का हे कुणी तपासत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच बघा: डेटाबेस आला कुठून? प्रकल्पाच्या भांडारातून (पॅकेजेस उतरवायच्या अधिकृत साठ्यातून) घेतला असेल तर वरच्या तारखा लागू. उबुंटू किंवा डेबियनच्या (हेही लिनक्सच) भांडारातून आलेला असेल तर ती मंडळी आपल्या मुदतीपर्यंत दुरुस्त्या पुरवतात. उबुंटू २२.०४ सोबत पोस्टग्रेस १४ येतं, डेबियन १२ सोबत १५. अशा वेळी घाबरून डेटाबेस एकटा बदलण्यापेक्षा अख्खी लिनक्सची आवृत्ती केव्हा बदलायची याचा विचार करा. उलट, लिनक्सचीच मुदत संपली असेल तर अपडेट घेताना ४०४ येणारच. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. पोस्टग्रेसचं भांडारही जुन्या लिनक्सची पॅकेजेस वेगळ्या संग्रहात हलवतं. इंटरनेटवाल्याला फोन करून उपयोग नाही.

पासवर्ड बरोबर, तरी आत घेत नाही

डेटाबेस पुढे गेला आणि सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा भाग) मागे राहिला की हे होतं. मायएसक्यूएल ८.० नं पासवर्ड तपासायची पद्धत बदलली, ८.४ मध्ये जुनी पद्धत मुळात बंद ठेवली आणि ९.० मध्ये काढूनच टाकली. पोस्टग्रेसनंही १४ पासून नवीन पासवर्ड स्क्रॅम पद्धतीनं साठवायला सुरुवात केली. जुन्या पीएचपीला किंवा जुन्या ड्रायव्हरला ही भाषा कळत नाही.

योग्य उपाय ड्रायव्हर नवीन करणं हाच. तातडीची वेळ असेल, दारात माल उभा असेल, तर त्या एका वापरकर्त्यापुरती जुनी पद्धत चालू करता येते. मी करतो. पण तो दिवस आणि कारण लिहून ठेवतो, कारण पुढच्या आवृत्तीत ती पळवाट बंद होणार असते.

सॉफ्टवेअर उघडतं, पण आत काहीच नाही

हे दिसलं की माणसाच्या पायाखालची जमीन सरकते. बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो, तेव्हा धीर धरा.

उबुंटू किंवा डेबियनची आवृत्ती वाढवली की नवीन पोस्टग्रेस जुन्याच्या शेजारी बसतं. जुनं ५४३२ या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) आणि नवीन, रिकामं, ५४३३ वर. नंतर कुणी "जुनं आता कशाला" म्हणून जुनं पॅकेज काढतं, नव्याला जुना पोर्ट देतं, आणि सॉफ्टवेअर रिकाम्या घरात शिरतं. 'पीजी एलएसक्लस्टर्स' ही आज्ञा दोन्हींची यादी दाखवते. जुन्याचं डेटा फोल्डर जागेवर आहे का ते बघा. असेल तर त्याच आवृत्तीचं पॅकेज परत बसवून 'पीजी अपग्रेडक्लस्टर'नं नीट हलवता येतं.

डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर डबाबंद 'कंटेनर'मध्ये चालवायच्या साधनात) याचंच भावंड भेटतं. आवृत्तीच्या जागी 'लेटेस्ट' लिहिलेलं असतं. महिनोन्‌महिने चालतं, मग कुणी इमेज (कंटेनरचा साचा) नव्यानं ओढतो आणि पोस्टग्रेस सांगतं की हे डेटा फोल्डर जुन्या आवृत्तीनं तयार केलंय, मी उघडणार नाही. हे नाकारणं डेटा वाचवण्यासाठीच आहे. जुना आकडा लिहा, कंटेनर सुरू करा, बॅकअप काढा, मग पुढचं बघा. आणि 'लेटेस्ट' हा शब्द त्या फाइलमधून कायमचा काढा.

नाव दिसतं पण सापडत नाही, आणि मराठीची खिचडी

या तपासणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथे नुकसान आवाज न करता होतं.

परभणीच्या एका पतसंस्थेत खाते क्रमांक डॅश टाकून लिहायची पद्धत होती. मशीन जुनं झालं म्हणून पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर उचलून नवीन लिनक्सच्या मशीनवर ठेवलं. पोस्टग्रेसची आवृत्ती तीच, सगळं चालू. दोन आठवड्यांनी काउंटरवरच्या ताईंनी दाखवलं: सभासद समोर उभा, यादीत त्याचं खातं दिसतंय, क्रमांक टाकून शोधलं तर "नोंद नाही". त्यांनी नवीन खातं उघडलं आणि सॉफ्टवेअरनं ते मान्यही केलं. एकाच क्रमांकाची दोन खाती.

दोष पोस्टग्रेसमध्ये नव्हता. लिनक्सची जी-लिब-सी नावाची लायब्ररी शब्दांचा क्रम ठरवते. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीनं तो क्रम बदलला. पूर्वी इंग्रजी आकड्यांतलं '११' हे '१-१' च्या आधी यायचं, आता '१-१' आधी येतं. पोस्टग्रेसची अनुक्रमणिका जुन्या क्रमानं रचलेली, शोधणारा नव्या क्रमानं शोधतोय. शब्दकोशातली पानं तीच ठेवून कुणी वर्णमालाच बदलावी तसं. डेबियन ९ वरून १०, किंवा उबुंटू १८.०४ वरून पुढे जाताना ही सीमा ओलांडली जाते.

उपाय 'रीइंडेक्स', म्हणजे अनुक्रमणिका नव्यानं बांधणं. पण आधी दुहेरी नोंदी शोधून मिटवाव्या लागतात, नाहीतर अनुक्रमणिका बनतच नाही. त्या दोन खात्यांपैकी खरं कोणतं, कोणती पावती कुठे जाते, हे संगणक ठरवू शकत नाही. आम्ही व्यवस्थापकांना शेजारी बसवून पावतीपुस्तकावरून एकेक ओळ जुळवली. डेटा फोल्डर उचलण्याऐवजी डंप (सगळ्या डेटाची मजकुरातली प्रत) काढून नव्या मशीनवर भरला असता तर अनुक्रमणिका नव्यानं बनली असती आणि हे घडलंच नसतं.

मायएसक्यूएलमध्ये वेगळा घोळ. ५.७ पर्यंत कुणी काही सांगितलं नाही तर टेबल लॅटिन-१ या युरोपियन अक्षरसंचात बनायचं. जुन्या सॉफ्टवेअरनं त्यातच शेतकऱ्यांची मराठी नावं कोंबलेली असतात. लिहिणारा आणि वाचणारा दोघंही एकाच चुकीवर चालत असल्यामुळे पडद्यावर नावं ठीक दिसतात. ८.० मध्ये मूळ संच यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिपी मावणारा), चार बाइटांपर्यंतचा झाला. नवीन सर्व्हरवर हलवलं की चूक उघडी पडते.

इथे डोळे नीट उघडून बघा, कारण दोन अवस्था आहेत. नावाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला लहान इंग्रजी ए, त्याच्यापुढे चलनाचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर सुटकेचा श्वास घ्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं. पहिला बाइट सगळीकडे सारखा, दुसरा दोनपैकी एक. त्यांचंच हे युरोपियन रूप. क, म, त ही अक्षरं गोल चिन्हाची; दुसरी वेलांटी, उकार आणि पाय मोडण्याचं चिन्ह येनचं. म्हणजे मूळ बाइट जागेवर आहेत, योग्य संचातून डंप काढला की नावं परत येतात. पण टेबलात खरोखरच प्रश्नचिन्हं साठली असतील तर ती अक्षरं गेली. कोणताही उपाय ती परत आणत नाही, फक्त जुना बॅकअप आणतो. म्हणून हलवण्याआधीचा डंप पुसू नका.

आवृत्ती वाढवायचीच असेल तर

हे सगळ्यात महाग काम, म्हणून शेवटी. पोस्टग्रेसची छोटी दुरुस्ती मात्र यात मोजू नका. ती घेऊन सेवा पुन्हा सुरू केली की झालं, ती वेळच्या वेळी घ्या.

मुख्य आवृत्तीसाठी वेळ आधी ठरवा. पोस्टग्रेसचा निरोप नोव्हेंबरात येतो, आणि आपल्याकडे तेव्हा सोयाबीनची आवक आणि कापसाची जिनिंग जोरात असते. आडतीवर त्या काळात मी हात लावत नाही, मार्च एन्डलाही नाही. त्यांचं काम एप्रिल-मे मध्ये. कॉलेजांचं प्रवेश सुरू होण्याआधी, मे महिन्यात, आणि इन्व्हर्टर तपासून.

मग दुसऱ्या मशीनवर रंगीत तालीम. डंप काढा, नव्या आवृत्तीत भरा, सॉफ्टवेअर त्याला जोडा आणि रोजची पाच कामं करून बघा. जागच्या जागी मायएसक्यूएल वाढवताना मधली मुख्य आवृत्ती गाळता येत नाही: ५.६ वरून ५.७, मग ८.०. आणि ८.० वरून परत ५.७ वर येताही येत नाही. मायएसक्यूएल शेलमध्ये (आज्ञा द्यायच्या साधनात) अपग्रेडपूर्व तपासणी आहे, ती चालवा. एका शाळेच्या निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रँक' नावाचा रकाना होता. ८.० मध्ये तो शब्द राखीव झाला आणि गुणपत्रक छापायची वेळ आली तेव्हा सगळं अडलं. जुनी शून्य-शून्य तारीखही (तारखेच्या जागी नुसती शून्यं) असाच त्रास देते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

एक्झॅम्पमध्ये 'डेटा' फोल्डरचं नाव बदलून 'बॅकअप' फोल्डर तिथे चिकटवण्याचा उपाय व्हिडिओत बघून बरेच जण करतात. त्यात 'आयबीडेटा-१' ही इनोडीबीची मुख्य फाइल जुन्या फोल्डरातून आणायची राहिली की टेबलांची नावं दिसतात, पण उघडत नाहीत. आणखी पुढे जाऊ नका.

इनोडीबीची सक्तीची दुरुस्ती १ ते ६ अशा पायऱ्यांची असते. ४ आणि त्यापुढची पायरी डेटा कायमचा खराब करू शकते. १ नं काम झालं नाही की मी स्वतःसुद्धा आधी पूर्ण प्रत काढतो. तुम्ही तिथेच थांबा. लॉगमध्ये 'करप्ट', 'चेकसम', 'पॅनिक' असे शब्द दिसले, डिस्कमधून टकटक आवाज आला, प्रश्नचिन्हं साठलेली निघाली किंवा दुहेरी खात्यांत पैशांचा प्रश्न आला, तरीही थांबा. पतसंस्था आणि लॅबच्या बाबतीत तर मी म्हणेन, आवृत्ती आणि जागा तपासण्यापलीकडे घरच्या माणसानं जाऊच नये.

थांबायचं म्हणजे डेटाबेसची सेवा बंद करायची, अख्खं डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं आणि मूळ डिस्कला हात लावायचा नाही. डिस्कच आवाज करत असेल तर कॉपीही करू नका, मशीन बंद करा.

येणाऱ्या माणसाच्या हातात चार गोष्टी द्या: कागदावर उतरवलेली आवृत्ती, लॉगची फाइल, शेवटचा चालणारा बॅकअप कोणत्या तारखेचा, आणि बिघाडानंतर कुणी काय काय करून पाहिलं त्याची खरी यादी. शेवटची यादी लोक संकोचानं सांगत नाहीत. तीच माझे सगळ्यात जास्त तास वाचवते.